वीस पाय

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार कोणाचे, असं कुणी विचारलं तर मी एकच नाव सांगतो : सुभेदार तुळशीराम सुपडू, राहणार नशिराबाद. आईवडिलांच्या आधी सांगतो, आणि आईला त्याचं वाईट वाटत नाही. तिला सगळं ठाऊक नव्हतं, पण आमच्या घराण्यात पहिला बी. ए. झाला तो या माणसामुळे, एवढं ठाऊक होतं. परेडवर आम्ही त्यांना सुभेदारसाहेब म्हणत असू. परेड सुटली की आबा.

यंदा दिवाळीच्या मागोमाग थंडी पडली. सकाळी शाळेत शिकवायला निघालो की धुळ्याच्या पांझरा नदीवरून येणारा वारा कानाच्या पाळ्यांना झोंबतो. कापसाच्या गाड्या रात्रीच निघालेल्या असतात आणि उजाडता उजाडता गावात शिरतात. गाड्या पुढं जातात, पण रस्त्याकडेच्या बाभळी ज्याच्या त्याच्या गाडीतला थोडा थोडा कापूस काट्यांवर ठेवून घेतात. संध्याकाळी कुठं तरी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून त्यावर वांगी भाजायला घेतलेली असतात. त्या धुराचा वास आला की खानदेशातल्या माणसाची भूक चाळवते. माझीही चाळवत असे. पाच वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यापासून मात्र त्या वासापाठोपाठ मला ओल्या चामड्याचा आणि दिवसभर पायात असलेल्या मोज्यांचा वास येतो, आणि मग ताटावर बसवत नाही.

स्वराज्याचा हा पहिला हिवाळा. ज्या त्या शाळेत मुलांची पथकं निघाली आहेत. आमच्या शाळेतलं पथक हेडमास्तरांनी माझ्याकडे दिलं आहे, कारण मी कधी काळी लष्करी कॉलेजात होतो. शाळेच्या वार्षिक अंकासाठी शिस्त आणि पुढारीपण या विषयावर विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल असं काही लिहून द्या, असंही ते म्हणाले. मी दोनदा लिहायला बसलो. वेळेवर यावं, बोललेलं पाळावं, स्वतःआधी दुसऱ्याचं पाहावं असं दोन पानं लिहिलं आणि वाचून पाहिलं. सगळं खरं होतं, आणि ते लिहिण्याचा अधिकार मला नव्हता. तेव्हा मला जे सांगता येईल तेच सांगतो. त्या वेळी सुभेदारांविषयी धुळ्यात जे बोललं गेलं ते ज्यांनी ऐकलं असेल, त्यांनीही हे वाचावं अशी इच्छा आहे.

ते कॉलेज आता नाही. लढाईच्या दिवसांत धुळ्याबाहेरच्या माळावर चार लांब पत्र्याच्या खोल्या उभ्या राहिल्या, तिथं आम्ही साठ-सत्तर मुलं होतो. सकाळी कवायत, दुपारी इंटरचे वर्ग, संध्याकाळी पुन्हा कवायत. आमच्यातली बरीच मुलं शेतकऱ्यांची. कित्येकांच्या पायात बूट आले ते पहिल्यांदा तिथंच. बूट घालून चालताना पहिले आठ दिवस आम्ही नांगराच्या तासात चालल्यासारखे पाय उचलत होतो आणि आबा म्हणत, "ढेकळं नाहीत इथं. खाली टेकव."

ते पहिल्या लढाईत बसऱ्याच्या बाजूला होते. डाव्या पायाची दोन बोटं तिथंच राहिली. चालताना ते कळत नसे, उभे राहिले की कळे. अंगाचा भार नकळत उजवीकडे जाई. त्यांना इंग्रजी जेमतेम वाचता येई. कवायतीचं पुस्तक ते मला वाचायला सांगत आणि अर्थ स्वतः सांगत. त्यांचा अर्थ बहुधा पुस्तकापेक्षा बरोबर असे. साक्रीच्या शाळेत मुलं पाहायला ते आले होते तेव्हा मी मॅट्रिकच्या वर्गात होतो. वर्गाबाहेरच्या चपला मी ओळीत लावून ठेवतो एवढं पाहून त्यांनी माझं नाव विचारलं आणि मॅट्रिक झाल्यावर पत्र पाठवून बोलावून घेतलं. फॉर्म त्यांनी आणला, सही कुठं करायची ते त्यांनी दाखवलं, माझ्या वडिलांना समजावलं ते त्यांनीच. दुसऱ्या वर्षी मला सेक्शन लीडर केलं. माझ्या सेक्शनमध्ये दहा मुलं होती.

त्यांच्या शिकवण्यात मोठे शब्द नव्हते. लीडरनं पाणी शेवटी प्यायचं. लीडरला आपल्या दहाही जणांच्या आईचं नाव ठाऊक पाहिजे. आणि मुक्कामाला पोचल्यावर लीडरनं स्वतः बसायच्या आधी सगळ्यांचे पाय बघायचे. पाय बघायचे म्हणजे विचारायचं नाही. खाली गुडघ्यावर बसायचं, मुलाचा पाय आपल्या मांडीवर घ्यायचा, बोटांच्या बेचक्या पाहायच्या, टाच दाबायची, आणि शेवटी बुटात हात घालून आतून फिरवायचा. मग सुभेदारांपुढं जाऊन आवाज द्यायचा : दुसरा सेक्शन, दहा जण, वीस पाय, ठीक.

पहिल्या दिवशी त्यांनी साठ मुलांचे पाय स्वतः मांडीवर घेतले. पांढऱ्या मिशांचा, छातीवर बिल्ले लावलेला माणूस आपल्यापुढं गुडघ्यावर बसलेला पाहून मुलं अंग चोरत होती. त्यांत कुणबी होते, माळी होते, दोन मुलं महारवाड्यातली होती. आबा कुणापाशी कमी थांबले नाहीत, कुणापाशी जास्त थांबले नाहीत. त्या दिवशी त्यांनी जे सांगितलं ते मी वहीत लिहून ठेवलं होतं. "पाह्यलं असीन तर पाह्यलं म्हन. नसीन पाह्यलं तर नाही पाह्यलं म्हन. तिसरं काही नाही."

माझ्या घरी मी कुणाच्या पायाला हात लावला असेल तर तो देवाच्या आणि वडीलधाऱ्यांच्या. या मुलांचे पाय मांडीवर घ्यायला मला पहिला आठवडा जड गेला, हे कबूल करतो. मग सवय झाली. पुढं पुढं तर त्याचा मला अभिमान वाटू लागला. जात माझ्या आड आली नाही, असं मी स्वतःशी म्हणत असे. आड आलं ते वेगळंच.

शिवदास माझ्या आईचा चुलतभाऊ, म्हणजे माझा मामा. वयानं माझ्याहून एका वर्षानं लहान. पिंपळनेरच्या अलीकडे आईचं माहेर आहे. सुटीत तिथं आम्ही एकाच विहिरीत पोहलो आणि एकाच गोधडीत झोपलो. तो हसरा होता. चिडवायला कुणी मिळालं नाही तर बैलांना चिडवायचा. त्याचे वडील तो लहान असतानाच गेले. त्याची आई जनाआजी, तिला हा एकटाच. मी कॉलेजात गेलो तेव्हा त्यालाही यायचं होतं आणि आजी सोडत नव्हती. मी तिच्या ओट्यावर बसून तासभर तिची समजूत घातली. शेवटी तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तू शे ना तठे? मंग लई जाय." माझ्या भरवशावर तिनं त्याला पाठवलं.

आमच्या भागात मामा भाच्याच्या पाया पडतो. बहिणीचा मुलगा म्हणजे देवाचा. त्यानं मामाच्या पायाला हात लावला तर मामाला पाप लागतं. चुकून माझा पाय मामाला लागला तर काही नाही, माझा हात त्याच्या पायाला लागला तर त्यानं दचकून मागं व्हायचं, हे आम्ही पाळण्यात असल्यापासून पाहत आलो. कॉलेजातही शिवदास सकाळी परेडला उभा राहण्याआधी हळूच वाकून माझ्या बुटाला बोट लावी आणि मग कडक सलाम ठोकी. मुलं हसत. मलाही गंमत वाटे.

त्या हिवाळ्यात धुळे ते जळगाव असा चार दिवसांचा मार्च ठरला. मुकटी, पारोळा, एरंडोल असे तीन मुक्काम आणि चौथ्या दिवशी जळगाव. पाठीवर सामान, खांद्याला बंदूक. मार्चच्या आदल्या दिवशी काही जणांना नवे बूट मिळाले, त्यांत शिवदास होता. नव्या बुटांचा करकर आवाज सबंध रस्ताभर त्याच्याबरोबर चालला होता आणि तो म्हणे, नवी बायको आहे, बोलणारच.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फुटलेली कपाशी होती. वेचणीच्या बाया ओट्या बांधून ओळीत उभ्या असत आणि आम्ही दिसलो की कमरेवर हात ठेवून पाहत. लढाईमुळे आणि चळवळीमुळे खाकीकडे लोक सरळ नजरेनं पाहत नसत. कुणी तोंड फिरवी, कुणी इंग्रजांचे पोऱ्ये म्हणे. पारोळ्याला चहाच्या दुकानासमोर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विडी बाजूला धरून विचारलं, "काय भाऊ, लढाई पारोळाले उनी का?"

शिवदास रांगेतूनच म्हणाला, "नई उनी आजून. तिले लेवाले जाई ऱ्हायनूत आम्ही." जशी काही लढाई अजून आली नव्हती म्हणून तिला माहेरून बायकोसारखी आणायलाच आम्ही निघालो होतो. दुकानातले सगळे हसले, म्हाताराही हसला, आणि त्या गावात आम्हाला कुणी टोचून बोललं नाही.

त्या वेळी त्याच्या पायात खिळा रुतत होता, हे आता मला ठाऊक आहे.

मुकटीच्या मुक्कामावर, म्हणजे पहिल्याच संध्याकाळी, मी ओळीनं पाय पाहत गेलो. नऊ जण झाले. शेवटी शिवदास. मी गुडघ्यावर बसलो तसे त्यानं दोन्ही पाय मांडीखाली ओढून घेतले. "तू मना पायले हात लावस? माले पाप लागी ना." मी म्हटलं, हा हुकूम आहे. तो हसत होता, पण पाय त्यानं इतके घट्ट धरले होते की गंमत नाही हे मला कळायला हवं होतं. बाजूची मुलं म्हणाली, राहू द्या, मामाला नरकात कशाला पाठवता. मीही हसलो. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. मनात आईचा चेहरा होता. मी विचारलं, दुखतंय का. तो म्हणाला, "बठ्ठं ठीक शे. तू जाय."

मी गेलो आणि सुभेदारांपुढं उभा राहून आवाज दिला : दुसरा सेक्शन, दहा जण, वीस पाय, ठीक.

मी अठरा पाहिले होते.

पारोळ्याला मी त्याच्यापाशी पोचलो तोवर तो मोजे चढवून, कांबळं पायांवर ओढून बसला होता. काल झालं तेच आज, असं दोघांनीही धरून चाललो. वीस पाय, ठीक. तिसऱ्या दिवशी एरंडोलच्या रस्त्यानं तो उजवं पाऊल बाहेरच्या कडेवर टाकत होता. ते मी पाहिलं. त्याच्या पाठीवरचं सामान मागितलं. मामाचं ओझं भाच्यानं उचलायचं नसतं, म्हणून त्यानं दिलं नाही. नवे बूट आहेत, चावत असतील, असं मी मनाशी म्हटलं. एरंडोलला मुक्कामावर त्याचं अंग गरम लागत होतं. मी त्याला म्हटलं, शिवा, आज दाखव. तो म्हणाला, उद्या जळगाव, उद्या दाखवतो. मी त्याच्या बुटात हात घातला असता तर माझ्या बोटांना तो खिळा लागला असता. बुटाला हात लावायला कुठली रीत आड येत नव्हती. हे मला नंतर सुचलं आणि अजून सुचत राहतं.

वीस पाय, ठीक. आबांनी माझ्याकडे पाहिलं. क्षणभर ते काही विचारतील असं वाटलं. पण ते आपल्या मुलाच्या शब्दावर विश्वास ठेवणारे होते, आणि मी त्यांनी स्वतः निवडलेला लीडर होतो. त्यांनी मान हलवली.

चौथ्या दिवशी गिरणा नदीच्या वाळूत शिवदास खाली बसला. बसला तो उठेना. आबा मागून आले, त्यांनी त्याच्यापुढं गुडघे टेकले आणि त्याला काही बोलू न देता बूट ओढून काढला. मोजा पायाला चिकटला होता. तो पाण्यानं भिजवून सोडवावा लागला. तळव्याला बोटाएवढं भोक पडलं होतं आणि घोट्यापासून वर एक लाल रेघ पोटरीकडे गेली होती. आबांनी बूट उलटा केला, आत हात घातला आणि तिथंच थांबले. नंतर त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागाची नजर मी सोसली असती. ते माझे पाय पाहत होते. मी नीट उभा आहे की पडतो, हे पाहत होते.

जळगावच्या जिनकडे, सरकी काढायच्या कारखान्याकडे, निघालेली एक कापसाची गाडी थांबवून त्याला वर चढवला. पांढऱ्या कापसात तो मानेपर्यंत बुडाला. तापानं डोळे चकाकत होते. "भाचा, नवरदेवना मायक चालनू रे मी," म्हणाला. गाडीवान कापूस खराब होईल म्हणून कुरकुरत होता. पाय पाहिल्यावर त्यानं स्वतःची पासोडी काढून त्या पायाखाली घातली.

दवाखान्यात तो चार दिवस होता. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आधी आणायला हवा होता. जनाआजी तिसऱ्या दिवशी पोचली. त्यानं तिला ओळखलं नाही. तो बैलांना हाका मारत होता. चौथ्या दिवशी सकाळी, खिडकीतून ऊन खाटेवर आल्यावर, तो गेला. जिनमधून उडालेला कापूस त्या खिडकीच्या गजांना अडकला होता. आजी एकेक गज साफ करत उभी राहिली.

धुळ्याला परतल्यावर चौकशी झाली. प्रिन्सिपॉल निवृत्त लष्करी अधिकारी होते, न्यायी होते. त्यांच्या टेबलापुढं आम्ही दोघं सावधान उभे. त्यांनी विचारलं, रोज पाय पाहिले होते का, आणि कुणी पाहिले. मी तोंड उघडणार तेवढ्यात आबा बोलले. दुसऱ्या सेक्शनच्या लीडरनं मला पहिल्या मुक्कामालाच सांगितलं होतं, असं ते म्हणाले. एका मुलाच्या बुटाचा त्रास दिसतो असं सांगितलं होतं. मी पाहतो म्हणालो आणि पाहिलं नाही. चूक माझी, सुभेदाराची.

प्रिन्सिपॉलनी मला विचारलं, तुम्हाला काही सांगायचं आहे?

आयुष्यात इतका लांब प्रश्न मी ऐकला नाही. भिंतीवरच्या घड्याळाखाली पाल होती. वडील डोळ्यांपुढं आले, परीक्षा आली, गावात माझ्या नावानं कोण कोण काय काय बोलतं ते आलं. मी म्हणालो, नाही साहेब.

तिसरं काही नाही असं सांगणाऱ्या माणसानं माझ्यासाठी ते तिसरं उच्चारलं, आणि मी ते त्यांच्या तोंडात राहू दिलं. त्यांना त्याच आठवड्यात जावं लागलं. गावभर झालं की म्हाताऱ्या सुभेदाराच्या हलगर्जीनं पोरगा गेला. माझ्याविषयी लोक हळहळले, कारण मी मयताचा भाचा होतो.

निघण्याच्या दिवशी मी त्यांच्या खोलीवर गेलो. ते ट्रंकेला दोर बांधत होते. मी पाया पडायला वाकलो तर म्हणाले, आधी दोर धर. मी दोर धरला, त्यांनी गाठ मारली. मग मी विचारलं की तुम्ही असं का केलंत. ते ट्रंकेवर बसले. म्हणाले, "तू माह्या हाताखालचा. तुह्यं उत्तर मी द्यावं लागते. तशीच रीत हाये. माह्यं झालं देऊन."

दोराचं सुटं टोक आत खोवत ते पुढं म्हणाले, "शिवदास तुह्या हाताखालचा होता. त्याचं उत्तर तुले द्यायचं हाये. ते मले नको. प्रिन्सिपॉललेही नको आता. त्याच्या मायले दे."

मी विचारलं, कधी. ते म्हणाले, ते तू पाह्य.

मी पाच वर्षं पाहत राहिलो. इंटर झालो, पुण्याला जाऊन बी. ए. झालो. गावानं वेशीपासून वाजतगाजत घरी आणलं. जनाआजी दोन कोस चालून आली होती आणि तिनं माझ्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. दर हिवाळ्यात मी तिच्याकडे जात असे. ती कळण्याची भाकरी आणि भरीत वाढी, आणि जेवताना माझ्यासमोर त्या सुभेदाराला शिव्या देई. त्याच्या घरादाराचं वाटोळं होवो, त्याला मरताना पाणी न मिळो. त्याच्या दोन बोटांविषयी तिला कुणी तरी सांगितलं होतं. उरलेलीही सडोत, म्हणे. मी मान खाली घालून जेवत असे. दरवर्षी ठरवून जाई आणि दरवर्षी हात धुऊन परत येई. म्हातारीला आता कशाला दुखवायचं, अशी मी स्वतःची समजूत काढत असे. ती समजूत मला आवडत होती, यावरूनच ती खोटी आहे हे कळायला हवं होतं.

या वर्षी शाळेच्या पथकाला घेऊन मी नदीकाठानं चालत गेलो होतो. परत आल्यावर मुलांना ओळीत बसवलं, बूट काढायला सांगितलं आणि पहिल्या मुलापुढं गुडघे टेकले. तो मुलगा लाजून पाय मागं घेऊ लागला. मी त्याचा घोटा धरला. धरला तो इतका जोरात की तो घाबरला. मला सोडायचं भान राहिलं नाही. त्या मुलाच्या पायाला काही झालेलं नव्हतं. सगळ्यांचे पाय पाहून झाले आणि मी हेडमास्तरांकडे जाऊन दोन दिवसांची रजा मागितली.

त्यानंतर मी जे पत्र नशिराबादला पाठवलं त्याची नक्कल माझ्यापाशी आहे. पुढारीपणावर मला जे लिहिता येतं ते एवढंच असल्यानं अंकासाठी तेच देतो. ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांना ते पोचलं आहे.

मु. धुळे

तीर्थस्वरूप सुभेदार आबा यांचे चरणी बालक रघुनाथचा साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपण दिलेलं काम परवा केलं. पाच वर्षं उशीर झाला, त्याला कारण देत नाही.

जनाआजी शेतात कपाशी वेचत होती. मी बांधावरून हाक मारली तर म्हणाली, घरी जा, भाकरी आहे, येते मी. मी गेलो नाही. तिच्या शेजारच्या ओळीत उभं राहून सगळं सांगितलं. मुकटीला मी पाय पाहिले नाहीत, पारोळ्याला पाहिले नाहीत, एरंडोलला ताप आहे हे कळूनही पाहिले नाहीत, आणि तिन्ही वेळा पाहिले म्हणून सांगितलं. आपण चौकशीत माझ्यासाठी खोटं बोललात आणि मी गप्प राहिलो, हेही सांगितलं. शिवदास पाय का देत नव्हता ते मी आधी सांगणार नव्हतो, कारण त्यानं माझा दोष त्याच्यावर गेल्यासारखा होईल. पण तिनंच विचारलं, म्हणून सांगितलं.

मी बोलत होतो तोवर तिचा हात थांबला नाही. ओळ संपली तेव्हा ती वळली. म्हणाली, "तीन दिन. एक दिन बी दखं नई तू?" मी नाही म्हणालो. ती बांधावर बसली. ओटीतला कापूस जमिनीवर सांडला, तो तिनं उचलला नाही. मी उचलू लागलो तर नको म्हणाली.

उठायच्या आधी तिनं आपल्यासाठी निरोप सांगितला. तो जसाच्या तसा लिहितो. "त्या सुभेदारले लिखी दे. पाच वरीस मी त्याले शिव्या दिन्यात. त्या बठ्ठ्या मी माघार लिन्यात. त्याले म्हणावं, तुना पायले आराम पडो."

मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुनं काय करानं, ते माले आजून समजत नई."

एवढं बोलून ती उठली आणि तिनं पुढची ओळ धरली. तिच्या बाजूची ओळ मी धरली. दिवस मावळेपर्यंत दोघं वेचत होतो. ती माझ्याशी बोलली नाही, आणि जा असंही म्हणाली नाही.

कळावे, आपला आज्ञाधारक,
रघुनाथ